लाल गाडीला मुहूर्त मिळेना

आमच्या घरात गाडीवरून भांडण झालं असं म्हणता येणार नाही, कारण आमच्या घरात भांडता येतं ते फक्त मला. नवरा बँकेत नोकरीला आहे आणि समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायची त्याला वाईट खोड आहे. सासूबाईंचा राग भांड्यांच्या आवाजातून कळतो. सासरे पंचवटीतले गुरुजी, जन्मभर लोकांच्या घरी जाऊन शांती करणारे. अशा घरात मी आले. सातपूरच्या एका कारखान्यात साचे डिझाइन करणारी, तापट, आणि वर एका लाल, बुटक्या स्पोर्ट्स कारची मालकीण. आमच्या दोघांच्या पत्रिका जुळल्या होत्या म्हणतात. गाडीची पत्रिका कुणी मागितलीच नव्हती.

गाडी दोन दारांची. एका हौशी माणसाने हौस फिटल्यावर विकायला काढली होती, ती मी माझ्या पगारातून घेतली आणि द्वारका भागातल्या एका गॅरेजमध्ये तिच्यावर प्रयोग सुरू केले. स्प्रिंगा बदलून तिला जमिनीलगत आणलं. मागे नावापुरतं एक बाकडं होतं, ते वजन कमी व्हावं म्हणून काढून टाकलं. पुढे शर्यतीच्या गाड्यांत असतात तशा खोलगट सीटा बसवल्या. सायलेन्सरही बदलला होता, पण त्याच्या आवाजाने आमची सोसायटी एक झाली. पाण्याच्या टाकीवरूनही जी माणसं कधी एक झाली नव्हती, ती माझ्या दारात उभी राहिली. तेव्हा मी मुकाट्याने मूळचा सायलेन्सर परत लावला.

शहराबाहेरच्या माळावर अधूनमधून मातीचा ट्रॅक आखून घड्याळाशी गाड्या पळवतात. तिथे मी जाते. धुळीने माखून घरी आले की पुढचा आठवडाभर कारखान्यात मी कुणावर ओरडत नाही. म्हणजे गाडी ही केवळ माझी चैन नव्हती, माझ्या हाताखालच्या माणसांचीही सोय होती.

त्या गाडीत बाबा, म्हणजे माझे सासरे, कधी बसतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एका रविवारी त्यांना पिंपळगावला एका द्राक्षबागायतदाराकडे वास्तुशांतीला जायचं होतं आणि ठरलेला रिक्षावाला आलाच नाही. नवरा गावाला गेलेला. बाबा धोतर, उपरणं, हातात पूजेची पिशवी अशा थाटात खाली उभे, आणि वेळ चाललेली. मी म्हटलं, "बाबा, माझ्या गाडीत बसता का?"

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं. "बसतो," म्हणाले, "पण बसायचं कसं ते आधी दाखव."

गाडी इतकी खाली आणली होती की दोघं बसले की मोठ्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं. आडगावच्या पुढे हायवे सोडून बाजूच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला खर्रकन आवाज झाला. माझा जीव कळवळला. बाबा म्हणाले, "थांब, मी उतरतो." धोतर सावरत उतरले, स्पीडब्रेकर ओलांडून पलीकडे उभे राहिले आणि वाकून गाडीच्या पोटाकडे बघत मला हाताने "ये, ये" करू लागले. वजन कमी झाल्यामुळे गाडी बोटभर वर आली आणि मी तिरकी घालून ती अलगद काढली. ते पुन्हा आत बसले. पुढे ही आमची रीतच पडली. भर रस्त्यात एक शेंडीवाले वृद्ध गुरुजी लाल गाडीला हाताने रस्ता दाखवताहेत, हे बघायला टेंपोवाले टेंपो थांबवायचे.

त्या दिवशी पिंपळगावला माणसं गाडीभोवती गोळा झाली. एकाने विचारलं, "गुरुजी, कुनाची वो गाडी?"

"सुनेची," बाबा म्हणाले. ते ज्या आवाजात मंत्र म्हणतात, त्याच आवाजात म्हणाले. मी आरशात बघून केस नीट करायचं नाटक केलं.

मग बहुतेक रविवार आमचे तसेच जाऊ लागले. कधी पिंपळगाव, कधी वणी, कधी दिंडोरीकडचं एखादं गाव. घरात दिवसभरात दहा शब्द बोलणारे बाबा गाडीत सारखे बोलत. लहानपणी नदीत पोहताना जवळजवळ बुडाले होते ते, सासूबाईंना बघायला गेले तेव्हा चप्पल चोरीला गेली ते. हळूहळू त्यांना गाडीही कळायला लागली. चढाला इंजिन कण्हायला लागलं की डोळे मिटूनच म्हणत, "दुसऱ्यात घे." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं, आणि ते मी कबूल करायचे नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. उजव्या गुडघ्याची वाटी बदलावी लागली. ऑपरेशन छान झालं, पण डॉक्टरांनी नियम घालून दिले. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खोल सीटवर बसायचं नाही. आता गुरुजींचं सगळं काम जमिनीवरचं. यजमानांचे फोन येत, बाबा शांतपणे दुसऱ्या एका तरुण गुरुजींचं नाव सांगत आणि फोन ठेवून गॅलरीत जाऊन बसत. खुर्चीवर बसून पूजा सांगितली तरी शास्त्राला चालतं, असं ते स्वतःच म्हणायचे. पण त्यासाठी आधी यजमानाच्या घरी पोचायला तर हवं. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नव्हते, भाड्याच्या गाडीत त्यांना ओशाळल्यासारखं होई, आणि माझ्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. माणूस आजारी नव्हता, पण घरात बसून आजाऱ्यासारखा दिसायला लागला होता. आवाजसुद्धा लहान झाला होता त्यांचा. मला ते बघवत नव्हतं.

नवरा एके दिवशी जेवताना म्हणाला, "आपण एक उंच गाडी घेऊया का?" म्हटलं तर साधा प्रश्न. पण सोसायटीत प्रत्येक घराला पार्किंग एकच. उंच गाडी येणार म्हणजे लाल गाडी जाणार. एवढं विचारून तो भात कालवत राहिला. त्याने हट्ट धरला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

चार दिवस मी धुमसले. गाडी माझी, कष्ट माझे, ट्रॅकवरची ती दोन मिनिटं म्हणजे माझा जीव की प्राण. पण रोज कामावर निघताना खालून वर बघितलं की गॅलरीत बाबा दिसायचे. शेवटी मीच जाहीर केलं, गाडी विकायची. जाहीर करताना आवाज इतका चढला की सासूबाईंना वाटलं कुणाशी तरी भांडतेय.

आम्ही सगळे शोरूमला गेलो. पांढरी, उंच, ऐसपैस गाडी. दार उघडलं की सीट बरोबर कमरेच्या उंचीला. विक्रेत्या मुलीने बाबांना हात धरून मागच्या सीटवर बसवलं, पायाखाली जागा दाखवली, पाठीमागे उशी दिली, मागे वेगळा एसी असतो तो चालू करून दाखवला. "आजोबांसाठी ही जागा एकदम राजेशाही," ती म्हणाली.

"छान आहे," बाबा म्हणाले.

मला बरं वाटलं. निदान ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना आवडली, असं मनाशी म्हटलं आणि घरी येऊन लाल गाडीचे फोटो काढले.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. कळवणचा एक तरुण दुकानदार गाडी बघायला आला. गाडीभोवती तो देवळात फिरावं तसा हळूहळू फिरला. "ताई, लय जपलीये तुमी," म्हणाला. अशा माणसाला गाडी द्यायला हरकत नव्हती. सगळं ठरलं. निघताना त्याने बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, न्यायचा दिस तुमीच सांगा."

बाबांनी चष्मा लावला, पंचांग उघडलं, बराच वेळ बोट फिरवलं. "या आठवड्यात नको. अमावास्या जवळ आहे."

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. बाबा म्हणाले, भद्रा आहे. त्याच्या पुढच्या खेपेला व्यतिपात निघाला. मग तिथीचा क्षय. एकदा तर मला म्हणाले, "गाडी लाल, आणि मंगळ वक्री. अशात व्यवहार करू नये." कळवणचा माणूस श्रद्धाळू. दर वेळी म्हणायचा, "घाई नाय गुरुजी. चांगला दिस असला म्हंजे झालं." इकडे शोरूमवाले मला रोज फोन करून भंडावत होते आणि घरात माझी चिडचिड वाढत होती. एकदाचं काय ते तोडायचं म्हणून मन घट्ट केलं होतं, आणि इथे रोज तेच पुन्हा घट्ट करायचं. दुखणारा दात डॉक्टरने नुसता हलवून सोडून द्यावा तसं चाललं होतं.

एका सकाळी पोळ्या लाटताना मी सासूबाईंपुढे तक्रार केली. त्यांनी तवा खाली ठेवला. आज भांडी वाजली नाहीत, त्या चक्क बोलल्या. "अगं, जन्मभर यांनी अडल्यानडल्याला मुहूर्त काढून दिला. लोक म्हणायचे, कुणाकडे मिळाला नाही तर यांच्याकडे मिळतो. मुलाला परदेशी जायचंय, आजी अंथरुणाला खिळलीये, काहीही असो, हे वाट काढायचेच. आणि एका गाडीला दिवस मिळेना?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. खरंच की. आमच्या घरी पंचांग अडवायला कधी उघडलंच जात नव्हतं.

मी तशीच पिठाच्या हातांनी गॅलरीत गेले. "बाबा, ताकाला जाऊन भांडं का लपवताय? गाडी विकायची नाहीये का तुम्हाला?"

ते समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"अहो, तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं! त्या गाडीत तुम्हाला बसता येत नाही. नव्या गाडीत आरामात बसाल."

"कुठे बसेन?"

"कुठे म्हणजे? मागे. ती जागा बघितलीत ना? पाय लांब करून..."

"तेच," बाबा म्हणाले. "मी मागे, पुढे तुम्ही दोघं. शेजारी पिशव्या ठेवाल. मला विचाराल, बाबा, एसी लागतोय का, बाबा, पाणी हवंय का. पुढे काय चाललंय ते मला दिसणार नाही, आणि तुम्ही काय बोलताय ते ऐकू येणार नाही." मग म्हणाले, "पुढे बसतो तो माणूस जातो. मागे बसतो त्याला नेतात. तुझ्या गाडीत मागे जागाच नव्हती गं. म्हणून मला पुढे बसायला मिळालं."

मला रागही आला आणि भरूनही आलं. राग याचा की हे एवढं साधं, सरळ सांगायचं सोडून या माणसाने बिचाऱ्या मंगळाला वक्री केलं. आणि भरून यासाठी आलं की माझ्या त्या बुटक्या, घासणाऱ्या, सगळे जिला हसायचे अशा गाडीत या माणसाला मान मिळाला होता, आणि तो माझ्या गावीही नव्हता. पदराने डोळे पुसावेत तर अंगात कुर्ता. शेवटी पिठाच्याच हाताने पुसले.

"नव्या गाडीतही पुढे बसवलं असतं तुम्हाला," मी म्हटलं.

"पहिले चार दिवस," बाबा म्हणाले. आणि हे खरं होतं.

त्याच दिवशी कळवणला फोन करून मी त्या माणसाची माफी मागितली. तो थोडा हिरमुसला, पण म्हणाला, "गुरुजींचं मन नसंल तर नकोच. मला बी ती लाभायची नाय." शोरूमवाल्यांना मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

आता प्रश्न उरला तो बसण्याचा. पण हा प्रश्न माझ्या कामातला होता. जिथे मोजमाप घेता येतं तिथे मी घाबरत नाही. डॉक्टरांनी बाबांना ज्या खुर्चीवर बसायची परवानगी दिली होती, तिची उंची मोजली. गाडी मूळच्या उंचीवर न्यायची, वर सीट बदलायची. खोलगट सीट काढून साधी, सपाट सीट, खाली माझ्याच डिझाइनच्या लोखंडी पट्ट्या. कागदावर झकास जमलं. प्रत्यक्षात बाबा बसले आणि त्यांचं डोकं छताला लागलं. सीट थोडी खाली घेतली तर गुडघा दुखायला लागला. तीनदा पट्ट्या बदलल्या. गॅरेजवाला वैतागून म्हणाला, "मॅडम, पूरी गाडी मैंने नीचे बिठाई, अब मेरे ही हाथ से ऊपर उठवा रही हो." त्याला खरंच वाईट वाटत होतं. मलाही वाटत होतं. उंच केलेली गाडी वळणावर कलते. ट्रॅकवर माझी जी काय थोडीफार वेळ होती, ती गेलीच म्हणायची. त्या संध्याकाळी काढलेल्या स्प्रिंगा डिकीत टाकून घरी आले.

सीट जमली, पण आत शिरताना पाय वळवणं अवघड होतं. व्यायाम शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट खाली पार्किंगमध्ये आली. तिने सांगितलं, आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय जोडीने आत घ्यायचे, आणि अंग सरकावं म्हणून सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची. बाबांनी पिशवीकडे असं पाहिलं की ती मुलगी ओशाळली. ते म्हणाले, "थांबा." सासूबाईंना हाक मारली आणि आपलं जुनं रेशमी सोवळं मागवलं, विरलेलं, आता पूजेला न चालणारं. त्याची चौघडी सीटवर घातली, टेकले, आणि भिंगरीसारखे सर्रकन आत वळले. फिजिओथेरपिस्टने टाळी वाजवली. पुन्हा एकदा करून दाखवा म्हणाली, आणि बाबांनी नको असताना दोनदा करून दाखवलं. सासूबाई वरून, गॅलरीतून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आता पुरे, लोक बघतायत." पण त्याही हसत होत्या.

पहिलं बोलावणं पिंपळगावचंच आलं. एका यजमानाने द्राक्षं ठेवायला नवी थंड खोली बांधली होती, तिची पूजा. रस्त्यात तो मोठा स्पीडब्रेकर आला आणि गाडी त्यावरून आवाजही न करता गेली. बाबा सवयीने दाराला हात लावून बसले होते. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. "खुर्चीवरून पूजा सांगायची म्हणजे कसंतरी वाटतं," ते म्हणाले. ते घाबरले होते हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "मला तर पहिल्यांदा ट्रॅकवर उलटी झाली होती." ते हसले नाहीत, पण जरा सैल बसले.

यजमानाने कुणी न सांगताच सगळी व्यवस्था केली होती. गुरुजी वर आणि देव खाली असं नको म्हणून त्याने द्राक्षांचे जाळीचे क्रेट एकावर एक रचले होते, त्यावर चौरंग, त्यावर कलश. बाबांच्या खुर्चीपेक्षा देव चांगला वीतभर उंच. यजमान नवरा-बायको शेजारी उभी राहिली. "आमी उभ्यानं करतो गुरुजी. कमरेला तेवढाच आराम," यजमान म्हणाला. बाबांनी आचमन केलं, संकल्प सांगायला सुरुवात केली, आणि पहिल्या दोन ओळींनंतर त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. मोकळ्या थंड खोलीत तो घुमायला लागला. बाहेर खोकी भरणाऱ्या बायका काम थांबवून दारात येऊन उभ्या राहिल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला अतोनात आनंद झाला होता. इतका आनंद मला ट्रॅकवर कधी झाला नव्हता, असं मी म्हणणार नाही. पण तेवढाच झाला होता.

पूजा आटोपून प्रसाद वाटताना यजमानांची वणीकडून आलेली एक नातेवाईक बाबांजवळ आली. "गुरुजी, आमच्याकडं नवा ट्रॅक्टर येतोय. तुमीच या. पायाचं कळलं मला. घ्यायला गाडी धाडू का?"

"कशाला?" बाबा म्हणाले. "माझी गाडी आहे की."

माझी! कागदपत्रं माझ्या नावावर, हप्ते मी फेडलेले, ट्रॅकवरची माझी वेळ त्या पट्ट्यांखाली गाडलेली. मी तोंड उघडलं. पण बाबा तोवर निघालेही होते, हातात काठी, खांद्यावर पूजेची पिशवी, कुणाचा हात न धरता, डावीकडच्या दाराकडे, आपल्या पुढच्या जागेकडे. मी तोंड मिटलं आणि किल्ली घेऊन त्यांच्या मागोमाग गेले.